आक्काच्या फोनवरचं जुनं पान

प्रसाद, आज सकाळीही तुझा मेल आला. मी चहा गाळत होते. फोन वाजला, तुझं नाव दिसलं आणि हातातलं गाळणं हातातच राहिलं. मेलमध्ये नेहमीचं एकच वाक्य होतं, "आज सगळी मंडळी पोचली."

तुझं तेरावं अजून व्हायचंय, आणि तुझी मंडळी मात्र रोज सकाळी न चुकता कामावर येतायत. तुझ्या नावाने आपोआप मेल पाठवणारी ती चाचणी बंद करायची ऑफिसात कुणाची हिंमत होत नाही. सगळे माझ्याकडे बघतात. "मेघा, तूच बघ ना काय ते," म्हणतात आणि आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड घालतात. इतकी वर्षं शेजारी बसून आपण भांडलो, त्याची ही शिक्षा. तुझ्यामागे तुझं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय.

परवा आंबिवलीला तुझ्या घरी गेले होते. तुमच्या गावाकडून आलेले एक काका बसले होते. त्यांनी विचारलं, "आमचा प्रसाद नक्की काय काम करायचा गो?" मी म्हटलं, काका, गावोगावची छोटी वर्तमानपत्रं आता इंटरनेटवर निघतात. ती काढायला लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. संपादकाने मजकूर लिहायचा, फोटो लावायचा, बटण दाबायचं, की बातमी वाचकाच्या फोनवर. ते पान किती पटकन उघडतं आणि सगळ्या गावाने एकदम उघडलं तर बंद पडतं का, हे प्रसाद बघायचा. काका म्हणाले, "म्हणजे परीक्षाच घ्यायचा म्हण की." मी हो म्हटलं. शीतल आतून ऐकत होती. ती म्हणाली, "घरी पण तेच. कुकरची शिट्टी किती वेळात होते ते पण बघत बसायचा." एवढं बोलून तुझी बायको हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी पाण्याचे पेले उचलून आत नेले.

मंडळी म्हणजे तुझे खोटे वाचक. आपल्या धंद्यात असे वाचक सगळेच बनवतात. मशीनने माणसाचं सोंग घ्यायचं आणि पानं उघडत सुटायचं, म्हणजे खरी गर्दी झाल्यावर काय होईल ते आधीच कळतं. इतरांच्या खोट्या वाचकांना नंबर असतात. तू त्यांना स्वभाव दिलेस. एक शारजावाला, जो जेवणाच्या सुट्टीत गावची बातमी शोधायला येतो आणि क्रिकेटवर अडकून पडतो. एक सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याला पाणी कधी येणार ते एकदा वाचून पटत नाही, म्हणून तो तेच पान बोटाने खाली ओढून ओढून ताजं करत राहतो. आणि आक्का. जुना फोन, अर्धवट रेंज, आणि पान उघडल्या उघडल्या आधी निधन वार्ता.

या आक्कावरूनच आपलं पहिलं भांडण झालं. मी नवीन आले होते. माझं काम तयार होतं, सगळ्यांनी बघितलं होतं, आणि तू 'सोडा' म्हणेनास. तू 'सोडा' म्हटल्याशिवाय आपल्याकडे काहीच बाहेर जायचं नाही. "आक्का अडकते," एवढंच म्हणायचास. मी वैतागून म्हटलं, "ही तुझी आक्का आहे तरी कोण?" तू म्हणालास, "शनिवारी घरी ये, दाखवतो."

आले. आक्का म्हणजे तुझी आई, सगळं घर तिला आक्काच म्हणतं. तिने मला घावन वाढलं आणि मग तू सांगितलंस म्हणून फोन घेऊन ओट्याजवळच्या खिडकीत उभी राहिली. रेंज तिथेच येते. तिने पान उघडलं, ते उघडेपर्यंत फोन खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवला, कुकर बंद केला, हात पुसले, परत आली आणि चष्मा वर करून वाचायला लागली. "अगंबाई, शहाडच्या जोशीणबाई गेल्या," म्हणाली. मी तुझ्याकडे बघितलं. तू गालातल्या गालात हसत होतास. सोमवारी मी तुझी चाचणी उघडून नीट वाचली, तर त्यात आक्काच्या दोन पानांच्या मध्ये एक थांबा होता आणि शेजारी तू लिहिलं होतंस, 'कुकर बंद करायला गेली.' मी माझं काम मुकाट्याने परत घेतलं आणि हलकं करून आणलं. त्या दिवसापासून मी तुला मानायला लागले, पण ते तुला कळू दिलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आता त्या दुसऱ्या भांडणाबद्दल. ते आपलं संपलंच नाही, आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतंय.

दर वेळी पान नव्याने मागवायचं म्हणजे वेळ लागतो. त्यावर तुझा उपाय असा, की एकदा पान गेलं की त्याची प्रत वाचकाच्या फोनमध्येच ठेवायची. पुढच्या वेळी फोन आपल्याला विचारायलाच येत नाही, स्वतःजवळची प्रत दाखवतो. पान चटकन उघडतं, रेंज गेली तरी उघडतं. फक्त ती प्रत किती वेळ ताजी धरायची हे आधी ठरवून द्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात इकडे काही बदललं तरी फोनला त्याचा पत्ता नसतो. बातम्यांच्या पानांना तू थोडा वेळ दिलास. 'निवेदनं' या पानाला दिलास अर्धा दिवस.

डोंबिवलीचं वर्तमानपत्र काढणाऱ्या लेले सरांच्या साइटवरचं ते सगळ्यात जड पान. निधन वार्ता, पाणी बंद, हरवले-सापडले, रक्त हवे आहे, सगळं तिथेच. आणि त्यावर या भाऊंचा, त्या दादांचा, अमुक साहेबांचा वाढदिवस, हार घातलेले, गॉगल लावलेले, हात जोडलेले भलेमोठे फोटो. लेले सर ते काढू देत नव्हते, कारण साइट त्यांच्यावरच चालायची. मग तू अर्धा दिवस लावून मोकळा झालास.

मी म्हटलं, "प्रसाद, अरे निवेदनंच तर बदलतात. पाणी आलं की बदलतं, मूल सापडलं की बदलतं."

"ज्याला ताजं पाहिजे तो पान ओढेल ना."

"सेक्रेटरी ओढेल. आक्का कुठे ओढते? ती नुसती उघडते."

"आक्काला कसली घाई आहे? मेलेली माणसं काय पळून जातायत? संध्याकाळी वाचेल."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग मी म्हटलं की निदान वर एक ओळ टाकू, 'हे पान अमुक वाजताचं आहे', म्हणजे माणसाला कळेल तरी. तू म्हणालास, "नको. लोकांना जुनं दिसलं की ते ओढत बसतात, ओढत बसले की गर्दी, गर्दी झाली की सर्व्हर झोपतो, आणि मग तूच माझ्या नावाने शंख करशील." लेले सरांना पान पटकन उघडलेलं हवं होतं. त्यांनी तुझी बाजू घेतली. विषय तिथे संपला, निदान सगळ्यांपुरता. मी नंतरही कित्येकदा काढला आणि तू दर वेळी कानांवर हेडफोन चढवलेस.

त्या संध्याकाळी तू लेले सरांकडूनच परत निघाला होतास. कल्याण-शीळ रस्त्यावर स्कूटर घसरली. मी अजून ठाण्यात, ऑफिसातच होते. शीतलचा फोन आला, "ओ निगेटिव्ह पाहिजे, खूप पाहिजे, लगेच पाहिजे." मी लेले सरांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे निवेदन टाकलं. तुझं नाव, हॉस्पिटलचं नाव, 'प्रकृती गंभीर, उपचार सुरू'.

आणि मी काय केलं सांगू? ड्रॉवरमधला तुझा तो चाचणीचा, तडा गेलेला जुना फोन काढला. त्या फोनवर पटकन उघडलं तर जगात कुठेही उघडेल, म्हणायचास ना? त्याच्यावर ते पान उघडून बघितलं. हॉस्पिटलमध्ये तुझ्यावर शस्त्रक्रिया चालली होती आणि मी इथे तुझ्या निवेदनाचं पान तपासत होते. मग फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पळाले.

त्या संध्याकाळी डोंबिवली, कल्याण, कळवा, जिथून तिथून लोकांनी ते एकच पान उघडलं. एवढी गर्दी त्या साइटने आधी कधी बघितली नव्हती. पान एकदाही अडखळलं नाही. लोक येत गेले. ओळखीचे, अनोळखी, कामावरून सरळ आलेले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्ताची काळजी करू नका, पुरेसं आहे." हे तुझं काम होतं, प्रसाद. तुझ्या त्या हटवादी चाचण्यांमुळे ते पान उभं राहिलं आणि तुला रक्त कमी पडलं नाही. हे मी तुला आधी सांगतेय, कारण पुढचं सांगताना मला राग येणार आहे.

उजाडता उजाडता तू गेलास.

लेले सरांनी तासाभरात मजकूर बदलला. 'रक्ताची आता गरज नाही' असं त्यांनी लिहिलं आणि खाली निधन वार्तेत तुझं नाव घातलं. पण ज्यांनी त्याआधी पान उघडलं होतं त्यांच्या फोनवर तू होतास. गंभीर होतास, पण होतास. लोक येतच राहिले.

मी गेटपाशी उभी होते. मानपाड्याहून एक जण आला, गळ्यात सोन्याची जाड साखळी, सोबत दोन भाऊ, बाह्या आधीच वर केलेल्या. "रगत द्यावाला आयलू," म्हणाला. "प्रसादभाऊ कंच्या वार्डात हाय?"

मी म्हटलं, "ते गेले."

त्याला आधी कळलंच नाही. त्याने खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि मला दाखवलं. "पन हिथं त रगत मांगतान."

काय सांगू मी त्याला? की हे पान जुनं आहे? अर्धा दिवस जुनं दिसायची सोय आम्हीच केली आहे? तो भावांकडे वळून म्हणाला, "आयलू त देऊन जाताव. कोनाच्या तरी कामाला येल." आणि तिघेही रक्तपेढी कुठे आहे ते विचारून आत गेले. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला.

पण सगळे गेटपाशी थांबत नव्हते. काही जण सरळ वर जायचे आणि शीतलला विचारायचे. मृतदेह ताब्यात मिळायचा होता, ती वर एका बाकावर बसलेली, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी भला माणूस पुढे येऊन म्हणायचा, पेशंट कसा आहे? ती खाली आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "मेघा, ते बंद कर ना. प्लीज. किती जणांना सांगू मी?"

मला ते बंद करता येत नव्हतं, प्रसाद. लोकांच्या खिशातल्या प्रतींपर्यंत माझा हात पोचत नव्हता. बारा भानगडी करून मी जे सॉफ्टवेअर लिहिते, ते त्या सकाळी माझं ऐकत नव्हतं. मी शीतलला एवढंच म्हटलं, "थोडा वेळ." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी अजून तिच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

तू इथे असतास तर म्हणाला असतास, "अगं, लोकांनी फोटो काढून फॉरवर्ड केलेलं असणार. तेच फिरत होतं. माझ्या पानाला कशाला बदनाम करतेस?" खरं आहे. फॉरवर्ड झालंही होतं. कोण कशामुळे आलं ते मी सांगू शकत नाही. तुझ्याशी भांडताना हेच व्हायचं, तुझं थोडं बरोबर असायचंच. पण त्या मानपाड्याच्या माणसाने फोटो दाखवला नव्हता, पान उघडून दाखवलं होतं. आणि आक्काने तर पानच उघडलं होतं.

तू गेल्याचं आक्काला आम्ही सांगितलं नव्हतं. तुला घरी नेताना शीतल समोरासमोर सांगणार होती, तोवर शेजारच्या बाई तिच्याजवळ बसून होत्या. तिने पहाटेच खिडकीत उभं राहून पान उघडलं होतं. त्यानंतर ती सकाळभर ते पुन्हा पुन्हा उघडत होती. दर वेळी ते पटकन उघडत होतं. रेंज नव्हती तरी उघडत होतं. दर वेळी रक्त मागत होतं. म्हणून तिने गावाला फोन लावले, टिटवाळ्याच्या भाच्याला उठवून हॉस्पिटलला पाठवलं, शेजारच्या बाईंना म्हणाली, "अजून रक्त लागतंय म्हणजे तो धरून आहे." त्या बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या मान हलवत राहिल्या.

हे मला परवा कळलं, मी पाण्याचे पेले घेऊन आत गेले तेव्हा. आक्का ओट्याजवळच बसली होती. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. ती शांतपणे म्हणाली, "मेघा, या आंबिवलीत कोण गेलं ते मला सगळ्यांच्या आधी कळतं गं. लोक मला विचारायला येतात. आणि माझाच गेला, ते मला सगळ्यात शेवटी कळलं." मग तिने फोन उचलून माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. मला नको." मी घेतला नाही. कडाप्प्यावर ठेवला आणि निघून आले.

स्टेशनपर्यंत चालत येताना मी तुझ्यावर इतकी चिडले होते म्हणून सांगू. मोठ्याने बोलत होते बहुतेक, कारण एक रिक्षावाला थांबून बघायला लागला. आक्काला कसली घाई आहे, म्हणाला होतास ना? माझं बरोबर होतं. वर्षानुवर्षं माझं बरोबर होतं, आणि आता ते सिद्ध झालं तर माझ्या तोंडावर 'बरं बाई, तू जिंकलीस' म्हणायला तू नाहीस. असलं बरोबर असणं घेऊन मी काय करू? आणि चिडून चिडून शेवटी लोकलमध्ये कळवा मागे पडलं तेव्हा रडायला आलं, कारण तू ती सगळी उठाठेव आक्काच्या खिडकीसाठी केली होतीस. तिला तिष्ठत ठेवायचं नाही, एवढाच तुझा हट्ट होता.

दुसऱ्या दिवशी लेले सरांचा फोन आला. त्यांचं बोलणं नेहमी शाळेत शिकवल्यासारखं. "मेघाताई, मी मजकूर वेळेवर बदलला होता. तरीही असे का झाले, हे मला समजून घ्यायचे आहे." मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "यापुढे माणसाच्या जिवाचे निवेदन माझ्याकडे शिळे दिसता कामा नये. काय वाटेल ते करा."

मी केलं, दुपारभर बसून. निवेदनांच्या पानाची जुनी प्रत आता आपणहून दिसणार नाही, दर वेळी फोन आधी आपल्याला विचारेल. रेंजच नसेल तेव्हा जुनी प्रत दिसेल, पण वर ठळक अक्षरांत 'हे पान अमुक वाजताचं आहे' अशी ओळ असेल. झालं माझ्या मनासारखं. मग तुझ्या खुर्चीकडे बघितलं. 'सोडा' कोण म्हणणार?

तुझी मंडळी मीच सोडली. शारजावाला गेला आणि आला. सेक्रेटरी ओढून ओढून परत आला. आक्का येईना. मी बघत बसले. स्क्रीनवर तिच्या नावापुढे नुसतं चक्र फिरत होतं. कुकर बंद करून झाला असेल, हात पुसून झाले असतील, ती कोऱ्या पानासमोर चष्मा वर करून उभी असेल. आणि मग तुझ्या नावाने मेल आला, "आज आक्का अडकली."

मला माहीत आहे की ते वाक्य तू कधीकाळी लिहून ठेवलेलं आहे आणि मशीन ते पाठवतं. पण त्या क्षणी तू शेजारच्या खुर्चीतून म्हणालास असंच वाटलं, त्याच त्या खवचट आवाजात. बघ, म्हटलं नव्हतं? खरी बातमी पाहिजे ना तुला, मग आता उभी राहा तिच्याबरोबर खिडकीत.

मी लेले सरांना परत फोन लावला. म्हटलं, "सर, पान ताजं राहील, पण उघडायला उशीर होईल. वाढदिवसाचे फोटो कमी केले तरच जमेल. निदान आधी मजकूर येऊ दे, फोटो मागून सावकाश येऊ देत." मला वाटलं, नेहमीसारखं नाही म्हणतील.

ते म्हणाले, "त्या संध्याकाळी तो हेच सांगायला आला होता."

मला माहीत नव्हतं, प्रसाद. तू मला सांगितलंच नव्हतंस.

"म्हणाला, सर, हे फोटो मागे ढकलू द्या, मग मला तो अर्धा दिवस लावायची गरज नाही. ऑफिसात एक जण माझं डोकं खाते, तिचं तोंड तरी बंद होईल." सर पुढे म्हणाले, "मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटले. जाताना म्हणाला, परत येतो पुढच्या आठवड्यात. करा, मेघाताई. सगळे फोटो मागे करा. कोण काय म्हणेल ते मी बघतो."

फोन ठेवल्यावर मी तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. म्हणजे तू ऐकत होतास तर. हेडफोन चढवायचास, तरी ऐकत होतास. माझं म्हणणं पटलंय हे मला सांगण्याआधी ते करून दाखवायचं होतं तुला, म्हणजे मग ऐटीत येऊन म्हणाला असतास, 'मॅडम, तुमचा अर्धा दिवस काढला, आता तरी गप्प बसा.' आणि मी गप्प बसले नसते, नवीन काहीतरी काढलं असतं. शेवटपर्यंत असंच चालेल असं मी धरून चालले होते. सांगायला हवं होतंस, रे. त्या रस्त्याने एकटा जायला नको होतंस. मी आले असते आणि लेले सरांशी मीच भांडले असते, आणि कदाचित दोघं रिक्षाने परत आलो असतो. पण हे आता कुठे नेऊन ठेवू?

काल भाऊ, दादा आणि साहेब, सगळे रांगेने मागे गेले. मंडळी परत सोडली. आज सकाळी चहा गाळताना आलेला मेल तो. सगळी मंडळी पोचली. आक्का तर पूर्वी ताजं पान उघडायला जेवढा वेळ लागायचा त्याहूनही लवकर पोचली. ऑफिसात आल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीच म्हटलं, "सोडा." माझा आवाज बरा निघाला.

आता एकच राहिलंय आणि ते कुणालाही ठाऊक नाही. तुझा तो तडा गेलेला फोन अजून माझ्या पर्समध्येच आहे. तू गेल्यानंतर मी तो एकदाच चालू केला. त्याचं वायफाय आधी बंद केलं, मग पान उघडलं. नेट नव्हतं, तरी तुझ्या कृपेने उघडलं. प्रसाद, वय, पत्ता, प्रकृती गंभीर, उपचार सुरू. तेव्हापासून तो मी तसाच ठेवलाय. रोज चार्ज करते आणि वायफायला हात लावत नाही. जुनं पान दाखवू नकोस म्हणून तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडणारी मी, तेच पान रोज उघडून बघते. हसशील ते हस.

पण आक्काला मी शब्द दिलाय. दुपारी फोन करून म्हटलं, "आक्का, तुमचा फोन आता खोटं बोलणार नाही." ती म्हणाली, "तू बघितलंस का स्वतः?" मी हो म्हटलं. बघितलं नव्हतं. तुझ्या फोनवर बघितल्याशिवाय ते बघितलं असं धरायचं नाही, हा तुझाच नियम.

म्हणून आत्ता तो समोर घेऊन बसलेय. वायफाय चालू केलं. पान धरून खाली ओढलं. मला वाटलं होतं, एवढा जुना फोन आहे, चक्र जरा फिरेल, तेवढ्यात एकदा तुझं नाव नीट वाचून घेईन.

लगेच उघडलं, रे. डोळ्यांदेखत तू वरच्या ओळीतून खाली निधन वार्तेत गेलास. हे पान आत्ताचं आहे, असं वर लिहून आलं. इतकी वर्षं आपण दोघांनी जीव खाऊन जो एकेक क्षण कमी केला, त्यातला एखादा तरी आज मला परत हवा होता.